तिसरा टोला

रिकामं खोकं फरशीवर पडलं तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. आत पदक नव्हतं, तालमीपुरती नुसती निळी पुठ्ठ्याची पेटी. तरी दालनातली माणसं एकदम गप्प झाली आणि ख्रू सानाननं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात अजून तसाच पुढे होता. बोटांना त्यानं मिटायला सांगितलं होतं आणि ती मिटलीही, पण खोकं खाली गेल्यावर. निरोप पोचायला उशीर व्हावा तसं. "पुन्हा एकदा, ख्रू," समारंभाच्या बाई हसून म्हणाल्या, "उजवा हात लांब, मनगट जरासं खाली, मग वर, आणि घ्या. झडप घालायची नाही. राजाच्या हाताला बोट लागू द्यायचं नाही. जन्मभर टोले देताय, हात कसा चालवायचा हे आम्ही का सांगायचं तुम्हाला?" सगळे हसले. तोही हसला. ख्रू म्हणजे गुरू. बँकॉकात वाद्य शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला दुसरं नाव उरत नाही, आणि गुरूनं चारचौघांत घाबरायचं नसतं. दुसऱ्या खेपेला खोकं नीट हातात आलं. मागे उभे असलेले डॉक्टर कासेम, भातपिकाच्या रोगांवर आयुष्य काढल्याबद्दल त्यांनाही हेच पदक मिळणार होतं, पुटपुटले, "मी तर घरी साबणाच्या डबीवर सराव केला. बायको म्हणाली, डबी हातात आहेच तर आंघोळही उरकून घ्या." ख्रू सानान पुन्हा हसला. हसताना त्यानं उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता, कारण आता, काही करायचं नसताना, अंगठा आणि तर्जनी आपापसात जपमाळ ओढत बसली होती.

पावसाळ्यात सुरुवात झाली होती. भिक्षू चातुर्मासाला मठात बसले त्या सुमारास एका संध्याकाळी तो ओट्यावर कालव्याकडे बघत बसला होता, आणि मांडीवर काहीतरी वळवळतंय असं वाटून त्यानं झटकायला हात उचलला, तर वळवळत होता तो हातच. त्या क्षणी त्याच्या मनात जी पाल चुकचुकली ती अजून चुकचुकतच होती. वाजवायला बसलं की हात गुपचूप व्हायचा. काशाच्या घंटांच्या गोल कड्यात मध्ये बसून दोन्ही हातांत मोगऱ्या घेतल्या की जुना, ओळखीचा, शहाणा हात परत यायचा. म्हणून तो पूर्वीपेक्षा जास्त वाजवू लागला. लोक म्हणाले, ख्रूंना या वयात काय उत्साह! पण हल्ली वाजवतानाही एखादा टोला घंटेच्या उंचवट्यावर न पडता कडेला घसरायचा, आणि तो फाटका आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू गेला नाही ना हे तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचा. डॉक्टरकडे जायचं त्याच्या मनात आलंच नाही. आलं ते दुसरंच. वादकांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला हात गेला की एकच कारण सुचतं: गुरूंचा कोप. त्याच्या लहानपणी एक ढोलकिया दारूच्या भरात ढोल ओलांडून गेला होता, त्याचं तोंड जन्मभर वाकडं राहिलं. मग आपलं काय चुकलं? कधी कड्यावरून पाय टाकला? गुरुवारच्या पूजेत गुरूंच्या मुखवट्यांपुढची मेणबत्ती विझली होती, ती मंत्र न म्हणता लावली? रात्रीचा तो हेच उगाळत बसे. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती. तिच्यापर्यंत विचार पोचला की तो उठून पाणी प्यायला जायचा.

ती गोष्ट म्हणजे फिरापची चीज. फिराप हा रामकथेतला उग्र देव-राक्षस, नर्तकांचा आणि वादकांचा सगळ्यांत वरचा गुरू. त्याचा मुखवटा इतर मुखवट्यांपासून दूर ठेवतात आणि त्याला कच्चं मांस आणि तांदळाची दारू लागते. त्याला आवाहन करणारी चीज कुणी ऐकून उचलायची नसते. गुरूनं मागे बसून शिष्याचे हात हातांत धरायचे, त्याच्या हातांनी घंटांवर पहिले टोले द्यायचे, तेव्हा ती दिली असं होतं. कागदावर नाही, तोंडानं नाही, हातातून हातात. ख्रू सानानचा गुरू होता ख्रू फुंग; त्याच्या घराण्याची ती चीज आज फक्त ख्रू सानानच्या हातांत होती. त्याचा भाचा थाविप पन्नाशीला टेकला होता, चीज घेण्यासाठी लागतं तसा काही काळ रीतसर भिक्षू होऊन आला होता, शाळेत पोरांना वाद्यं शिकवता शिकवता त्याच्या डोक्याला टक्कल पडलं होतं, आणि तो अजून वाट बघत होता. ख्रू सानान म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. त्यामागेही भीतीच होती. ही चीज ज्यानं दिली तो रिकामा होतो आणि रिकामं भांडं फार दिवस मांडणीवर राहत नाही, असं म्हणतात. ख्रू फुंग देऊन झाल्यावर दुसरा पावसाळा बघू शकला नव्हता. पण आता दुसऱ्या बाजूनं भीती आली होती. हातच गेला तर देणार कशानं?

घरी नेणारी नाव चालली होती. मोठ्या नदीच्या गढूळ पाण्यावर तेलाचे रंग तरंगत होते आणि समोरच्या बाकावरची पोरगी तळलेली केळी खाताना त्याच्या हाताकडे बघत होती. निदान त्याला तसं वाटलं. त्यानं हात सदऱ्याच्या खिशात घातला. तालमीत बाईंनी सन्मानाचे शब्द मोठ्यानं वाचून दाखवले होते, ते कानातून जात नव्हते. 'ख्रू फुंग यांच्या घराण्याचा, तिसऱ्या टोल्यावरचा दुर्मिळ कंप अबाधित राखल्याबद्दल.' तिसऱ्या टोल्यावरचा कंप. रेडिओवर त्यावर व्याख्यानं झाली होती. परदेशातून एक गोरा यंत्र घेऊन आला होता आणि तो कंप पुन्हा पुन्हा वाजवायला लावून गेला होता. इतर घराण्यांचे वादक तो उचलू बघत आणि त्यांना जमत नसे. पहिला टोला सरळ, दुसरा सरळ, आणि तिसरा घंटेवर पडता पडता शहारतो, पाण्यावर वारा यावा तसा. याच एका शहाऱ्यासाठी तारुण्यात तो पहाटे कालव्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मोगऱ्यांनी पाणी बडवत असे, मनगट सुजेपर्यंत. आणि आता तो शहारा फुकट, न मागता, अष्टौप्रहर त्याच्या हातात येऊन बसला होता. नाव किनाऱ्याला लागली तेव्हा उतरताना त्यानं नावाड्याचा हात धरला नाही, त्यामुळे जरा झोक गेला.

"आलं का राजदरबारचं पाहुणं?" बायकोनं, लामोमनं, चुलीपाशी बसूनच विचारलं. मिरची-माशांच्या चटणीच्या वासानं घर भरलं होतं. थाविप आलेलाच होता. त्याच्या हातात पावडरीचा डबा होता. "मामा, चला, तालीम. मामी स्टुलावर उभी राहील."

"मी नाही उभी राहत त्या स्टुलावर. पाय मोडला तर पदक यांना आणि प्लॅस्टर मला."

"मामी, देशाच्या कलेचा प्रश्न आहे."

"कलेचं मला सांगू नकोस. चाळीस वर्षं या कलेचे सदरे धुतेय." तरी हात पुसून ती उभी राहिली, मान ताठ केली, पावडरीचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरला. थाविपनं तोंडानं बिगुल वाजवला. ख्रू सानान पुढे झाला, गुडघा वाकवला, उजवा हात लांब केला, मनगट खाली, मग वर. डबा अलगद हातात आला. "बघा! लोण्यासारखा हात," थाविप म्हणाला. लामोम त्याच्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "आता जेवा. डबा ठेवा जागेवर." जेवताना थाविपनं मान खाली घालून, भात कालवत, नेहमीचाच प्रश्न विचारला: "मग मामा, पदक झाल्यावर जो गुरुवार येईल, त्या दिवशी? मांस-दारूचं मी बघतो." ख्रू सानाननं भात पुढे ओढला. "बघू," तो म्हणाला. थाविपनं हसायचा प्रयत्न केला. "मामा, तुमचं 'बघू' ऐकून ऐकून माझे डोळे जायची वेळ आली." तेव्हा तो उगाचच त्याच्यावर खेकसला, आणि खेकसताना चमचा ताटलीवर वाजला, एकदा नाही, लागोपाठ, टकटकटक. तिघांनीही ते ऐकलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी पांढरा गणवेश खुर्चीवर पसरून ठेवला होता आणि तो ओट्यावर बसला होता. लोक म्हणतात आनंदानं झोप लागली नाही. त्याला सरळ सरळ भीती वाटत होती, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी, आणि सांगायला कोणी नव्हतं. राजाच्या समोर खोकं पडलं तर? पडलेलं उचलायला वाकायचं की नाही, हे तालमीत कोणी सांगितलं नव्हतं. मी थरथरतो आहे हे सगळ्या दालनाला दिसेल. लोक म्हणतील, गुरू कोपले. लामोम चहाचा कप घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवून गेली. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. अर्धाच भरला होता. काल अर्धाच होता, परवाही. त्याला आठवेना, शेवटचा भरलेला कप कधी प्यालो. म्हणजे हिला माहीत आहे. हिनं कधीच ओळखलंय, आणि बोलली नाही. त्याला एकदम इतकं उघडं वाटलं की कप खाली ठेवायचंही सुचेना. आणि मग, कप ओठाशी असताना, त्या अर्ध्या चहात बघता बघता त्याला दुसरा एक अर्धा कप दिसला.

ख्रू फुंगची बायको अर्धा कप आणून ठेवायची. नेहमी. पोरं आपापसात म्हणायची, म्हातारी कंजूष आहे. म्हातारा दोन्ही हातांनी कप उचलायचा आणि ते बघून पोरं भारावून जायची. गुरू चहासुद्धा प्रसादासारखा पितात! देवळात तो उजवा हात मांडीखाली घेऊन बसायचा. शेवटची काही वर्षं तो स्वतः वाजवेनासा झाला, नुसतं बोलून शिकवायचा. सगळे म्हणाले, आता ते वाजवण्याच्या पलीकडे गेले. सानान तेव्हा तिशीचा होता आणि हे सगळं त्यानं पाहिलं होतं, पाहून डोळ्यांआड केलं होतं, जसं मोठ्यांचं दुखणं पोरं करतात. आणि तो गुरुवार. कच्च्या मांसाचा वास, मेणबत्त्या, फिरापचा जांभळट मुखवटा, त्याचे ते वटारलेले डोळे. कड्यात बसलेल्या सानानच्या पाठीला गुरूची छाती टेकलेली. गुरूचे तळवे ओले होते. त्यांनी त्याचे हात धरले, पहिला टोला. दुसरा. तिसऱ्याला हात उचलला आणि तो थरथरला. हातांची ती चळत, खाली शिष्याचा हात आणि वर गुरूचा, अशी थरथरली की टोला घंटेवर शहारत पडला. मागे बसलेल्या कोणीतरी हात जोडून म्हटलं, आले, देव आले. सानानच्या अंगावर काटा आला होता. जन्मभर तो त्याच काट्यावर जगला. पाणी बडवलं, मनगट सुजवलं, तो कंप जसाच्या तसा हातात आणला. आणि आता या ओट्यावर, हातातला अर्धा चहा कपाच्या कडेला हेलकावत असताना, त्याला सगळं स्वच्छ दिसलं: देव नव्हे, कला नव्हे. म्हाताऱ्याला कंपवात होता. माझ्यासारखाच तो लपवत होता, आणि हात धरून दिलेली चीज असल्यामुळे त्यानं जे दिलं त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे विचारायचीही सोय नव्हती. आजाऱ्याचा हात मी घराणं म्हणून सांभाळला. त्याबद्दल आज मला पदक आहे. "अहो, उठा," लामोम आतून म्हणाली, "मोटार आली."

दालनात गालिचा होता आणि एसीचा गारवा, त्यात त्याला घाम फुटला होता. रांगेत पुढे डॉक्टर कासेम. त्यांची मान मागून कोवळी दिसत होती, आंघोळ घातलेल्या पोरासारखी. ख्रू सानानला वाटलं, ओरडून सांगावं की चूक झाली आहे, हे माझं नाही, हे एका दुखण्याचं आहे. असं कोणी ओरडत नाही. नाव पुकारलं गेलं. पाय गेले. वर बघायचं नसतं, त्यामुळे त्याला दिसली ती फक्त पांढरी बाही आणि त्यापुढे निळी पेटी. हात लांब केला. तो थरथरत होताच. मनगट खाली, मग वर. आणि त्या खाली-वर होण्यात थरथर अशी काही मिसळून गेली की कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती अदबीनं घेतलं! पेटी हातात आली. या वेळी बोटं वेळेवर मिटली. तो मागे सरला, वाकला, जागेवर येऊन बसला, आणि मग मांडीवर पेटी ठेवायला गेला तर बोटं उघडेनात. त्यानं सांगितलं, उघडा. त्यांनी ऐकलं नाही. पेटीचे कोपरे तळव्यात रुतत होते. बाकीचा सगळा समारंभ तो तसाच बसून राहिला, झाकली मूठ घेऊन.

मोटारीत थाविपला राहवेना. "दाखवा की मामा! आम्ही काय पळवून नेतोय?" ख्रू सानान खिडकीबाहेर बघत होता. "मामा?" तेव्हा लामोमनं त्याची मूठ स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली, मटाराची शेंग सोलावी तशी करंगळीपासून एकेक बोट उलगडायला लागली, आणि उलगडता उलगडता बाजारात मांस किती शिळं मिळतं, त्या कोपऱ्यावरच्या बाईला एकदा सुनावायला हवं, असलं काहीतरी बोलत राहिली. अंगठा सुटला तशी पेटी तिच्या मांडीवर पडली. तळव्यावर चार लाल खड्डे होते. हात मोकळा होताच जपमाळ ओढू लागला. थाविपनं पाहिलं. "हे कधीपासून?" त्यानं विचारलं. उत्तर लामोमनं दिलं. "पावसाळ्यापासून. यांना वाटतं घरात आंधळ्या राहतात."

"बोलली का नाहीस?" ख्रू सानाननं विचारलं.

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. तुमच्या भीतीला मी का म्हणून हात लावू? लपवतो पुरुष माणूस, लपवू दे."

मग त्यानं सांगितलं. ख्रू फुंगचा अर्धा कप, मांडीखालचा हात, तिसरा टोला, सगळं. सांगताना त्याला थाविपच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पेटीतलं पदक कोणी उघडून पाहिलंच नाही. थाविप म्हणाला, "मग मी काय करू मामा? मी घेईन तेव्हा तो कंप घेऊ की सोडू?" ख्रू सानानला हे माहीत नव्हतं. जे सोडायचं ते आजारपण आणि जे ठेवायचं ते घराणं, एवढं सोपं असतं तर कोणीही सांगितलं असतं. आता जर हात धरले तर मी ह्याला काय देईन? सगळेच टोले थरथरतील. पुढे कोणीतरी गोरा यंत्र घेऊन येईल आणि म्हणेल, सानान घराण्यात प्रत्येक टोल्यावर कंप आहे. या विचारानं त्याला हसू यायला हवं होतं, पण आली ती शिरशिरी. आणि नाहीच धरले, तर चीज माझ्याबरोबर चितेवर. नदीवरचा पूल ओलांडून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुवारी मांस ताजं आण. त्या कोपऱ्यावरच्या बाईकडून नको."

गुरुवारी सकाळी मेणबत्त्या लागल्या. फिरापच्या मुखवट्यापुढे मांस ठेवलं, दारू ओतली. थाविप न्हाऊन, पांढरे कपडे घालून कड्याच्या मधोमध बसला. टकलावर ओलं चंदन. लामोम दाराशी बसली होती. ख्रू सानान थाविपच्या मागे टेकला, छाती त्याच्या पाठीला लागली. मंत्र म्हणताना त्याची जीभ अडखळली. त्याला वाटलं, अजून वेळ आहे, चक्कर आली म्हणावं. वटारलेले डोळे समोर होते. त्यानं दोन्ही हात पुढे नेले. उजवा वाऱ्यावरच्या पानासारखा हालत थाविपच्या मुठीवर आला. धरला. पहिला टोला. सरळ पडला. घंटेचा आवाज खोलीभर फिरून विरला. दुसरा. तोही सरळ. ख्रू सानाननं तिसऱ्यासाठी हात उचलला, आणि हातांची चळत थरथरली, टोला घंटेवर शहारत पडला, तोच, कालव्याच्या पाण्यात बडवून बडवून कमावलेला, रेडिओवर वाजलेला. झालं. दिलं आपण दुखणं याला. त्यानं डोळे उघडून हातांकडे पाहिलं. त्याची स्वतःची बोटं थाविपच्या मुठीवर घट्ट, निश्चल बसली होती. पावसाळ्यापासून इतकी निश्चल ती कधी नव्हती. थरथर खालून येत होती, थाविपच्या मनगटातून.

"काय रे?" त्यानं कानाशी विचारलं.

"भीती वाटतेय, मामा," पन्नाशीचा माणूस म्हणाला.

ख्रू सानान हलला नाही. त्याला तो गुरुवार पुन्हा आठवला. वरचा हात आणि खालचा हात, ओले तळवे, पाठीला टेकलेली छाती. म्हाताऱ्याचे तळवे ओले होते. आणि आपले? आपले कसे होते, हे इतक्या वर्षांत त्यानं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तिशीचा पोर, समोर कच्चं मांस आणि ते डोळे. थरथरला तो हात कोणाचा होता, हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो कधीच जळून राख झाला होता. त्याची भीती गेली नाही. पण थाविपची मूठ हातात उबदार लागत होती.

"थांबवू का?" थाविपनं विचारलं. "हात स्थिर करू?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे." आणि चौथ्या टोल्यासाठी त्यानं दोघांचे हात उचलले.